वहीत बदललेला पट्टा

माझ्या सचोटीबद्दल माझं मत पहिल्यापासून फार चांगलं होतं. इतरांचंही तसंच असावं असं मी धरून चाललो होतो. विचारून कधी बघितलं नाही, कारण खात्रीच्या गोष्टी विचारायच्या नसतात. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं तपासणीचं रजिस्टर माझ्याकडे होतं आणि एकतीस वर्षांत त्यातला एकही रकाना रिकामा राहिला नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी साहेबांनी ते रजिस्टर वर धरून सगळ्यांना दाखवलं. मी मान खाली घातली, पण अशा बेताने की चेहरा सगळ्यांना दिसावा.

या यशामागे माझी एक पद्धत होती. मी आधी नोंद करायचो आणि मग काम. यात लबाडी नव्हती, उलट शिस्त होती. ‘दोन नंबरच्या पंपाचं ग्रीस बदललं’ असं एकदा शाईने लिहून टाकलं की ते बदलावंच लागतं, नाहीतर आपण खोटे ठरतो. म्हणजे नोंदच माणसाच्या मागे लागते आणि त्याला कामाला जुंपते. नव्याने लागलेल्या माणसांना मी ही युक्ती हौसेने शिकवायचो. पंपघरात ती कधी फसली नाही.

गाडीसाठीही मी अशीच एक जाड पुठ्ठ्याची वही घातली होती. तेल, हवा, ब्रेक, वायपरची रबरं, सगळं तारीखवार आणि किलोमीटरवार. सव्वा महिन्यापूर्वी मी ती गाडी विकली, कारण क्लच दाबला की गाडीपेक्षा माझा गुडघाच जास्त आवाज करायला लागला होता. तीन गिऱ्हाइकं आली, चाकांना लाथा मारून गेली. चौथी आली ती जनावरांची डॉक्टर, तिशीची, बोलायला सरळ. तिने बॉनेट उघडून एकदा आत डोकावलं, मग वही मागितली आणि पायरीवर बसून पहिल्या पानापासून वाचून काढली. “काका, मला हीच गाडी हवी,” ती म्हणाली. मी गाडी विकलीच नाही म्हणा ना. मी वही विकली, आणि वहीबरोबर गाडी गेली.

मग गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता बायको स्टुलावर चढून कपाटाचा वरचा कप्पा आवरायला लागली.

“अहो,” तिने हाक मारली, “हा कंबरपट्टा कुणासाठी आणून ठेवलाय? माझ्या मापाचा तर नाही.”

तिच्या हातात एक चपटं खोकं होतं आणि खोक्यातून काळा, आतल्या बाजूने दाते असलेला रबरी पट्टा लोंबत होता. मी तो ओळखला.

तो टायमिंग बेल्ट होता. इंजिनात खाली एक दांडा पिस्टन वरखाली नाचवतो, वर दुसरा दांडा झडपा उघडतो आणि मिटतो. दोघांची चाल एकमेकांशी तंतोतंत जुळावी लागते आणि ती जुळवून ठेवतो हा दातेरी पट्टा. साठेक हजार किलोमीटरला तो बदलायचा असतो. नाही बदलला आणि चालत्या गाडीत तुटला, तर पिस्टन उघड्या झडपांवर आपटतात. इंजिन जागच्या जागी मरतं, स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा होतो, आणि मागून येणाऱ्या ट्रकला यातलं काही माहीत नसतं.

माझ्या वहीत पट्टा बदलल्याची नोंद होती. एकसष्ट हजार दोनशे किलोमीटर, लाल शाईने अधोरेखित. बॉनेटखाली मी तशी चिठ्ठीही चिकटवली होती, वर पारदर्शक टेप लावून. मग खोक्यात हे काय होतं?

मी मिस्त्रींना फोन लावला. गाडीचं सगळं काम वर्षानुवर्षं तेच करत आले आहेत.

“मिस्त्री, चार वर्षांपूर्वी आपण बेल्ट बदलला होता ना?”

“नाही साहेब.”

“नीट आठवा. एकसष्ट हजारला.”

“नीटच आठवतंय. तुम्ही शनिवारी येणार होतात, आणि मी शुक्रवारी शिडीवरून पडलो. दोन महिने हात प्लास्टरमध्ये होता. तुम्ही भेटायला आलात की, मोसंबी घेऊन. मी म्हटलं होतं, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.”

मोसंबी मला आठवत होती. तीसुद्धा कुठेतरी लिहिलेली असणार.

तर झालं होतं ते असं. मी पट्टा आणला, पद्धतीप्रमाणे आधी नोंद केली, चिठ्ठी चिकटवली. मिस्त्री पडले. खोकं कपाटात गेलं. पुढे जेव्हा जेव्हा मनात यायचं की पट्ट्याचं काय झालं, तेव्हा मी वही उघडायचो, आणि वहीत लिहिलेलं असायचं की बदलला. गाडी विकली तेव्हा काटा एक लाख चौदा हजारांवर होता. म्हणजे कारखान्यातून निघालेला तोच पट्टा अजून आत फिरत होता, आणि ती पोरगी रोज त्या गाडीतून डोंगरावरच्या गोठ्यांत जात होती.

“बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात,” माझ्याकडून सगळं ऐकून स्टुलावरून उतरत बायको म्हणाली. “आता फोन करा आणि सांगून टाका. म्हणावं, गाडी हलवू नकोस.”

हा सल्ला सरळ, सोपा आणि फुकट होता, म्हणून मी तो घेतला नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ज्या वहीवर तू डोळे मिटून विश्वास ठेवलास तिच्यात मी न केलेली कामं लिहिली आहेत? माझं नाव काय राहील? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ठरवलं की गाडी काहीतरी निमित्ताने दोन-चार तासांसाठी मागून घ्यायची, मिस्त्रींकडे न्यायची, पट्टा बदलून परत आणायची. नोंद तर आधीच झालेली आहे. काम तेवढं उरलंय. एका अर्थी माझी पद्धत अजूनही बरोबरच होती, चार वर्षं उशीर झाला होता इतकंच.

मिस्त्रींना मी दुपारी तयार राहायला सांगितलं, खोकं कापडी पिशवीत घातलं आणि अडीचच्या सुमाराला डॉक्टरच्या दवाखान्यात पोचलो. ती मोठ्या बॅगेत रबरी हातमोजे आणि दोऱ्या भरत होती.

“काका! तुम्ही इकडे कसे?”

“काही नाही, म्हटलं गाडी कशी आहे बघावं.” इथपर्यंत ठीक होतं. पुढे मी म्हणालो, “विक्रीनंतरची मोफत तपासणी.”

“ती तर शोरूमवाले करतात.”

“मीही करतो,” मी म्हणालो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

तिने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिचे रोगी तोंडाने काही सांगत नाहीत, त्यामुळे तिला असं बघायची सवय असावी. मग तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

“काका, गाडीची आठवण येते का?”

बुडत्याला काडीचा आधार. मी म्हणालो, “फार.”

“अहो, मग सांगायचं ना! लाजता काय?”

“एकदा फिरवून आणली असती,” मी म्हणालो. “दोन-तीन तास. एकट्याने. जुन्या आठवणी असतात.”

“आत्ता नाही जमणार. डोंगरावरच्या गोठ्यात गाय अडलीये, निघालेच मी. पण असं करा,” आणि तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. “तुम्हीच चालवा. मी शेजारी बसते.”

आता सांगण्यासारखी याहून चांगली वेळ नव्हती. किल्ली माझ्या हातात होती, गाडी उभी होती, इंजिन थंड होतं. मी किल्ली लावली आणि गाडी सुरू केली. का केली, हे मी त्यानंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. ती माझ्याकडे फार मायेने बघत होती, एवढंच उत्तर सापडतं, आणि ते काही चांगलं उत्तर नाही.

मी गाडी इतकी हळू नेली की पहिल्या वळणावर एका सायकलवाल्याने मागे टाकलं आणि जाताना काळजीने आत पाहिलं. मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते. मी कान इंजिनाकडे लावून बसलो होतो. प्रत्येक आवाज मला शेवटचा वाटत होता. वायपर चुकून चालू झाला तेव्हा तर मी डोळेच मिटले.

“काका, आठवणी सावकाश येऊ द्या,” ती म्हणाली, “पण गाय वाट बघतेय. सरका, मी घेते.”

जागा बदलल्या आणि चढ सुरू झाला. तिने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि पाय दाबला. इंजिन गरजलं. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला उतरणारे ट्रक, मागे चढणारे ट्रक, माझ्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत तो पट्टा. मी स्वतःची समजूत घातली की मी आता तिच्याबरोबर आहे ना, मग झालं. जणू पट्टा तुटताना आधी माझी परवानगी मागणार होता.

“तुम्हाला एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “तुमची वही बघून मी दवाखान्यात तशीच वही सुरू केलीये. लस कुणाला कधी, कितवी, सगळं. मागच्या डॉक्टरांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. मी दवाखान्यातल्या मदतनिसालाही तुमची वही दाखवली. म्हटलं, असं काम पाहिजे.”

मला खरोखर लाज वाटली. नाव जाईल म्हणून वाटते ती नव्हे. ती मला सकाळपासून वाटतच होती आणि ती घेऊनही माझं बरं चाललं होतं. ही वेगळी होती. मला त्या मुलीच्या जिवाची भीती वाटली.

“डॉक्टर, गाडी थांबवा.”

“मळमळतंय का? वळणांनी होतं.”

“थांबवा. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.”

पुलाच्या अलीकडे मोकळी जागा होती. तिने गाडी तिथे घेतली, किल्ली फिरवली, आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मी बाटली घेतली नाही. पिशवीतून खोकं काढून तिच्यापुढे धरलं.

“टायमिंग बेल्ट,” मी म्हणालो. “बदललेला नाही.”

“वहीत आहे की.”

“वहीत आहे. गाडीत नाही.”

मी सगळं सांगितलं. मिस्त्रींची शिडी, कपाट, कंबरपट्टा, सगळं. पद्धतीबद्दलही सांगितलं, आणि पहिल्यांदाच ती पद्धत मोठ्याने बोलताना माझ्या लक्षात आलं की ती ऐकायला कशी वाटते.

“तुम्हाला कधी कळलं?” शेवटी तिने विचारलं.

“आज सकाळी अकराला.”

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“चार तास,” ती म्हणाली. “आणि तुम्ही मला गाडीत बसू दिलंत.”

“मीही बसलो होतो की.”

“म्हणून काय तो तुटला नसता?”

ती उतरली, मागची बॅग काढली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून हात करू लागली. तिसरी गाडी थांबली, दुधाची. ड्रायव्हरशेजारी चढताना तिने मागे वळून एवढंच सांगितलं, “चालू करायची नाही. ढकलायची, ओढायची, पण चालू करायची नाही.”

मिस्त्रींना फोन करून मी पुलाच्या कठड्यावर बसलो. त्यांना यायला तास लागणार होता, आणि विचार करायला तास हा फार मोठा वेळ आहे. पंपघरात आपली पद्धत कधी फसली नाही, असं म्हणून मी स्वतःला धीर द्यायला गेलो. आणि मग वाटलं, कधी फसली नाही हे मला कुठून माहीत? रजिस्टरातूनच. त्यानंतर मात्र धीर द्यायचं काम मी सोडून दिलं आणि येणारे-जाणारे ट्रक मोजत बसलो.

मिस्त्री ओढायची गाडी घेऊन आले. माझ्याशी फार बोलले नाहीत, दोर बांधला, आणि आम्ही त्यांच्या गॅरेजमध्ये पोचलो. गाडी वर उचलून त्यांनी उजवं चाक काढलं, इंजिनाला खालून जॅकचा टेकू दिला आणि प्लास्टिकचं झाकण उघडायला घेतलं. झाकणावर माझी चिठ्ठी होती. इतक्या वर्षांत एक कोपरासुद्धा उचलला गेला नव्हता. चिकटवण्याचं काम मी मन लावून करतो.

“या, बघा,” ते म्हणाले.

झाकणाआड पट्टा होता. त्यांनी बॅटरीचा झोत पाडला आणि पान्याने इंजिन हातानेच थोडं थोडं फिरवत पट्टा डोळ्यांसमोरून सरकवला. पाठ घासून चकचकीत झाली होती. कडेने दोरे निघाले होते. एका ठिकाणी दोन दाते मुळापासून उचलले गेले होते, नखाने काढता आले असते.

“किती चालला असता?” मी विचारलं.

“महिनाभर. नाहीतर पुढच्या वळणापर्यंत.”

मी बाजूच्या टायरवर बसलो. त्या चढावर तिने पाय दाबला होता तो आवाज मला पुन्हा ऐकू आला.

मिस्त्रींनी मात्र पट्ट्याला लगेच हात लावला नाही. वरच्या आणि खालच्या चाकांवरच्या कारखान्याच्या खुणा आपापल्या जागी आणल्या, त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, पुन्हा बघितलं, मग ताण देणारी पुली सैल केली आणि जुना पट्टा काढला. काढलेला पट्टा त्यांनी उलटा दुमडला तर बोटागणिक भेग उघडली. मी लगबगीने माझं खोकं पुढे केलं. त्यांनी त्यावरची तारीख वाचली आणि ते बाजूला ठेवलं.

“चार वर्षं कपाटात. रबर पडून पडूनही म्हातारं होतं, साहेब. नवा मागवलाय. पुलीही नवी घालू, हिची खरखर ऐका.”

मी ऐकली. दिवसभरात माझ्याकडून काही उपयोगाचं होणार नव्हतं हे एव्हाना पक्कं झालं होतं.

नवा पट्टा आला, चढला, ताण बसला. ठिपके ठिपक्यांसमोर होते. मला राहवेना. “झाला ना बदलून?” मी विचारलं.

“अजून नाही,” ते म्हणाले, आणि लांब पाना लावून हाताने इंजिनाचे पूर्ण दोन फेरे दिले, अगदी हळू, कुठे काही अडतंय का त्याचा अंदाज घेत. खुणा फिरून पुन्हा समोरासमोर आल्या. “आता चालू करून बघू. मग झाला.”

तेवढ्यात दुधाची गाडी बाहेर थांबली आणि डॉक्टर आत आली; गॅरेजचा पत्ता मी तिला फोनवर कळवला होता. कोपरापर्यंत बाह्या ओल्या होत्या, केसांत गवत होतं.

“गाय?” मी विचारलं.

“बरी आहे. वासरूही. ओढून काढावं लागलं.” हे तिने मला सांगितलं, पण बघत होती मिस्त्रींकडे. मिस्त्रींनी जुना पट्टा तिच्या हातात दिला. तिने तो दुमडून पाहिला, ते दोन दाते बोटाने हलवून पाहिले आणि परत दिला. मिस्त्रींनी गाडी चालू केली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं, एकसारखं, मऊ. मला इतकं बरं वाटलं की मी तोंड उघडलं.

“चला, सुटलो! आता गाडी निर्धास्त चालवा, डॉक्टर.”

तिने गाडीत वाकून पुढच्या कप्प्यातून वही काढली आणि एका खोक्यावर बसून मांडीवर उघडली.

“ब्रेक ऑइल,” तिने वाचलं. “मागच्या वर्षीचं. बदललंय?”

“बदललंय,” मी म्हणालो. इतकं पटकन म्हणालो की मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला आठवतंय, की इथे लिहिलंय म्हणून सांगताय?”

मी आठवायला गेलो. मला फक्त ते पान आठवत होतं, शाईचा रंग आठवत होता, बदललं हा शब्द आठवत होता.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. तिने पान उलटलं.

“पुढच्या चाकांची बेअरिंगं?”

“माहीत नाही.”

“मागचे ब्रेक?”

त्या नोंदीखाली मी दोन रेघा मारलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग मी पुन्हा तेच उत्तर दिलं, आणि मिस्त्री दुसरं चाक काढायला वाकले.